साठ गुणिले साठ

डिस्टिल्ड वॉटर. लाल रंग. पाव किलो पेढे. साठ.

शेवंताताईंच्या डोक्यात एवढंच होतं. त्यातलं ‘साठ’ तोंडातून निघालं आणि वायरमन परवान्याच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांचं पेन थांबलं. प्रश्न होता, एका अँपिअर-तासात कूलोम किती?

“बाई, तुमच्याकडे तास साठ सेकंदांचा असतो?”

“रिक्षावाल्यांच्या बॅटऱ्या चार्ज करते, सर. दर मिनिटाला ‘झाली का?’ विचारतात, म्हणून मिनिटंच मोजली! कूलोमला सेकंद लागतात. साठ गुणिले साठ, तीन हजार सहाशे.”

“मग माझा मोबाईल? पाच हजार मिलिअँपिअर-तास.”

“म्हणजे पाच अँपिअर-तास. अठरा हजार कूलोम!”

परीक्षक हसले. “पास. वाटा पेढे.”

पेढे पिशवीत होतेच. दुकानाच्या पाटीवर ‘परवानाधारक’ हा शब्द त्यांनी कालच लाल रंगात लिहून घेतला होता.