वाक्यात उपयोग करा

चौथ्या दिवशीही बायकोने अबोला सोडला नाही, पण फ्रीजवर रोजची चिठ्ठी मात्र लावली. कॅनडात मुलीकडे जायचं म्हणून आम्ही दोघं रोज एक इंग्रजी शब्द शिकतो. आजचा शब्द होता 'अपॉलजी', अर्थ माफी. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'जेवणाआधी वाक्यात उपयोग करा.'

रविवारी व्याह्यांसमोर मीच हसत म्हणालो होतो, "हिचं इंग्रजी येस-नोपाशी संपतं."

दुपारी रिकामं ताट घेऊन मी ओट्याशी उभा राहिलो.

"उच्चार जमत नाही गं," मी म्हणालो. ती पोळ्या लाटत राहिली.

"मराठीत तर त्याहून जड जातंय."

तव्यावरची पोळी टम्म फुगली.

"चुकलंच माझं."

ती पोळी माझ्या ताटात टाकत ती चार दिवसांत पहिल्यांदा बोलली, "येस."