सातवं कार्ड

कंपनीची कार्ड-पद्धत विकायला आलेल्या मुकुंदनं कार्डांच्या गठ्ठ्यातून लांब सुई आरपार घातली, गठ्ठा उचलला आणि हलवला. सात कार्डं टेबलावर पडली.

"गेल्या हंगामात ओला कापूस आणणारे," तो म्हणाला. "दोनशे दहा नावांतून. किती वेळ लागला?"

"अकरा सेकंद," सुधा म्हणाली.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक पुंडलिकराव तिचे काका. ही पद्धत घ्यावी की नाही, ते त्यांनी तिच्यावर सोडलं होतं. तिनं हो म्हटलं, तर दिवाळीपासून नत्थूजींना घरी बसायचं होतं. तेवीस वर्षं फाटकावर उभं राहून कोणाचा माल घ्यायचा ते तेच ठरवत आले होते.

आता ते खिडकीपाशी उभे होते. दोनदा बसा म्हटलं तरी बसले नव्हते.

सुधानं एक कार्ड उजेडात धरलं. चारी कडांना भोकं. ओला माल आणणाऱ्याच्या कार्डावर त्या भोकाची कड कापलेली, म्हणून ते कार्ड सुईवर टिकत नाही.

"पडलेल्यांचं काय करायचं?"

"त्यांच्या गाड्या फाटकातूनच परत. विचारत बसायला नको."

नत्थूजी पुढे आले. त्यांनी सातही नावं वाचली.

"हा भिवाजी यात काऊन पडला?"

सुधानं रजिस्टर उघडलं. "तुमचंच अक्षर आहे. ओला, परत पाठवला."

"हो, लिवलं मी. मंग चार दिवसानं तोच माल वाळवून आणला त्यानं. घेतला."

"ते लिहिलं नाही?"

"त्यात काय लिवाचं, बाई? वाळला होता."

मुकुंदनं घड्याळ पाहिलं. "कापलेली कड भरता येत नाही. नवीन कार्ड करायचं. मला नागपूरची पॅसेंजर गाठायची आहे, तेवढी सही झाली तर..."

"नवीन कार्डं कुठून यायची?"

"आमच्या ऑफिसातून." तो थांबला. ऑफिस नागपूरला होतं. राज्यांची फेररचना होत होती; पंधरा दिवसांनी नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं आणि इथलं पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहणार होतं. "म्हणजे, एक तारखेपासून इकडचं काम जबलपूरचा एजंट पाहील."

"कोण?"

"नेमायचा आहे अजून."

सुधानं ते लिहून घेतलं.

नत्थूजींनी लिफाफ्यांसाठी ठेवलेली खळीची वाटी जवळ ओढली. कागदाची बारीक पट्टी फाडली, भिवाजीच्या कार्डाच्या कापलेल्या कडेवर चिकटवली आणि वर दौत ठेवली.

"अहो, ही कंपनीची रीत नाही," मुकुंद म्हणाला.

"मंग? कंपनी पाहाले येऊन राहिली का, पहिल्या तारखेनंतर?"

मुकुंद सुईशी चाळा करत राहिला. स्टेशनाकडून घंटा ऐकू आली, तरी तो उठला नाही.

फॉर्मवर शेवटी छापलं होतं: चालवण्यासाठी एक शिकाऊ पुरे. सुधानं 'शिकाऊ' खोडलं. त्या जागी काही लिहिण्याआधी तिनं दौत बाजूला केली, सातही कार्डं गठ्ठ्यात मिसळली, मुकुंदच्या हातून सुई घेतली आणि गठ्ठा उचलून हलवला.

सहा पडली. भिवाजीचं कार्ड वर राहिलं.

तिनं पुन्हा हलवलं, जरा जोरात. नत्थूजींनी खाली धरलेली ओंजळ रिकामीच राहिली, तेव्हा तिनं फॉर्मवर खोडलेल्या जागी त्यांचं नाव लिहिलं.