ज्याओहुन

"गुइलान, हळू की जरा! ज्याओहुन लावलंय का?" शेजारच्या तांगकाकू भिंतीवरून ओरडल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

गुइलान पोरीच्या उशाशी बसून हाका मारत होती. श्याओमान नदीच्या पायऱ्यांवरून घसरली, तेव्हापासून डोळा उघडत नव्हती. औषधं झाली, सलाइन झालं. बाप दूर ग्वांगदोंगच्या कारखान्यातून निघाला होता, पण तोवर पोर टिकेल असं डॉक्टरही म्हणेनात.

"काकू काही चुकीचं बोलल्या नाहीत," आजी म्हणाली. "आता तेच करायचं."

एरवी गावात तो शब्द टोमणाच. कोणी ओरडून डोकं उठवलं की म्हणायचं, काय ज्याओहुन चाललंय! मूळ अर्थ, आत्म्याला हाका मारणं, म्हाताऱ्यांनाच ठाऊक. पोर दचकलं की जीव तिथेच राहतो. तिथे जाऊन, नाव घेऊन त्याला घरी आणायचं.

"मी जाते नदीवर," आजी उठली.

"नको सासूबाई, तुमचे गुडघे! आणि आईच्या हाकेला जीव लवकर वळतो."

"सख्ख्या आईच्या," आजीच्या तोंडून निसटलं.

गुइलानने पोरीचं पांघरूण सारखं केलं. श्याओमान तिला मावशीच म्हणे. तिची स्वतःची लेक आरोंग याच नदीत बुडाली होती, वरच्या अंगाच्या गावी. त्यानंतर ती हे दुसरं लग्न करून इकडे आली, पण नदीकडे कधी फिरकली नव्हती. आज मात्र श्याओमानचं जाकीट आणि मूठभर तांदूळ घेऊन तरातरा निघाली.

दिवेलागणीला हाका सुरू झाल्या. पाण्याच्या आवाजात नाव कळेना, पण ऐकणाऱ्याचं काळीज हलत होतं. "...ये गं! घरी ये!"

"आले, आले!" पोरीच्या वतीने आजी रीतीप्रमाणे दारातून ओ देत होती आणि रडत होती. सावत्र म्हणून किती टोचून बोललो आपण हिला!

अंगणाशी येताच हाका थांबल्या. गुइलान मुकाट्याने आत आली आणि तिने जाकीट पोरीच्या अंगावर पांघरलं.

श्याओमानने डोळे उघडले. "आई!" म्हणत ती गुइलानला बिलगली.

"ऐकलंस? आई म्हणाली तुला!" आजीने पोरीच्या गालावरून हात फिरवला. "माझं सोनं ते! पेज देऊ का?"

पोर अंग चोरून गुइलानच्या कुशीत शिरली.

"आई, ही म्हातारी कोण?"

"घाबरू नकोस," गुइलान तिचे केस मागे सारत म्हणाली. "आता आपण यांच्याकडेच राहायचं, आरोंग."