केसरबाईच्या पेशी

ज्ञानदेवनं रुमालात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली, तेव्हा इंदुताई सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होत्या.

“आज उशीर?”

“चाकणची यष्टी भरून आली, ताई. उभ्यानं आलो.”

पिंपरीच्या त्या औषध कारखान्यात तो पॅकिंगला होता आणि ताई प्रयोगशाळेत. दर पंधरवड्याला गावच्या कंपाउंडरकडून बायकोचं रक्त काढून घ्यायचा आणि पहिल्या शिफ्टला येताना आणून द्यायचा. बायको, केसरबाई, अंथरुणाला खिळलेली. अंगात लोह भरपूर, तरी चेहरा पांढराफटक. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांमध्येच ते लोह अडकून पडत होतं. इंदुताईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या पेशी त्यांना तोंडपाठ होत्या.

एका जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हे लोह सुटेल, असं त्यांचं म्हणणं. मोठे साहेब हसले होते. “दिवाळीपर्यंत दाखवा. नाहीतर खोली रिकामी करा.” त्या वेळी ज्ञानदेव बाटली घेऊन दारातच उभा होता.

गोळ्या सुरू करूनही तीन महिने काही फरक नाही. निळा रंग दिला की अडकलेल्या लोहाचे ठिपके तसेच. मग चैत्रात ज्ञानदेव पंधरा दिवस कामावरच आला नाही. आला तो बाटली घेऊन.

ताईंनी रक्ताची काच लावली. ठिपका नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. एकही नाही.

“ज्ञानदेव! कसं वाटतंय हो त्यांना?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “आता तिला कसलाच तरास न्हाई, ताई.”

पुढच्या साऱ्या बाटल्या तशाच निघाल्या. ताईंनी शोधनिबंध लिहिला. साहेबांनी स्वतः चहा मागवला, खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ताई एकट्याच गावाला गेल्या. पिशवीत लुगडं आणि टाइप केलेला निबंध. अंगणात एक बाई भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. गाल भरलेले, हात चपळ. ताईंनी ओळखदेख न करता आधी तिची पापणी खाली ओढली. आत लालबुंद. ताईंचे डोळे भरून आले.

“केसरबाई, तुमच्यामुळं कितीजणी उठून बसतील, माहितीय?”

बाईनं मांडीवरची शेंगांची पाटी बाजूला ठेवली. घरात ज्ञानदेव आहे का, म्हणून एकदा वळून पाहिलं.

“मी रंभा, तिची धाकली भन,” ती हळू म्हणाली. “आक्का चैत्रातच गेली, ताई. जाताना म्हणली, ताईंची खोली जाऊ द्यायची न्हाई, दिवाळीपातुर तू रगत देत ऱ्हा.”