आवाज कधीपासून?

बायको गेल्यानंतर त्याने जुनी गाडी पहिल्यांदाच बाहेर काढली आणि इंजिनाची ठकठक ऐकून थेट गॅरेज गाठलं.

"आवाज कधीपासून येतोय, काका?" बॉनेट उघडत मेकॅनिकने विचारलं.

"आजच. ती होती तोवर गाडी कधी कुरकुरली नाही. ती गेली आणि हिनेही मान टाकली."

मेकॅनिकने इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी काढून त्याच्यासमोर धरली. काळ्या, चिकट मळीने ती पार चोंदली होती.

"ही मळी आजची नाही, कित्येक वर्षांची आहे. वाफ आत कोंडून तेल खराब झालं, म्हणून इंजिन ठोकतंय. एवढी वर्षं तुम्हाला ऐकू कसं आलं नाही? कानात बोळे होते का?"

त्याने चालकाशेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.



"ती बोलत असायची."