आधी कोणाला बघाल?

“आई गं, कंबर गेली! आधी मला बघ,” सोफ्यावर सासूबाई विव्हळल्या. माझ्या नर्सिंगच्या लायसन्स परीक्षेत कोणता पेशंट आधी बघाल हे विचारतात, म्हणून सरावाला घरच्यांनाच पेशंट केलं होतं. नवरा पाय धरून ओरडत होता.

सासरे खेळत नव्हते. पण त्यांच्या हातून पेपर गळून पडला, तशी मी तिकडे धावले. हात थंडगार, कपाळावर घाम. शुगरची गोळी घेतलेली, पण घरात सगळेच आजारी, नाश्ता देणार कोण? घाईघाईने साखरपाणी पाजलं.

“जे खेळातच नाहीत, त्यांचा पहिला नंबर?” सासूबाई ताडकन उठल्या.

“ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, आई. गप्प झालेल्याला आधी बघायचं.”

“मग उद्यापासून तुझी परीक्षा होईपर्यंत मी तोंडच उघडणार नाही!”

सासऱ्यांनी पेला रिकामा केला. “सूनबाई, परीक्षा जरा पुढे ढकलता येईल का?”