मामांची वीत

मासा फळीवर ठेवायच्या आधीच निरीक्षकाला कळलं होतं, हा काही भरायचा नाही. त्याची नजर आता सरावली होती. पण मासा सासऱ्यांचा होता, आणि अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तलावाचा नियम साधा होता. तीस सेंटिमीटरच्या आतला मासा परत पाण्यात सोडायचा, मग तो जगो की मरो. मोजायच्या फळीवर तिसाच्या खुणेला पितळेची पट्टी ठोकलेली होती. सकाळीच न्हाव्याचा मासा त्या पट्टीला जरासा कमी पडला, आणि निरीक्षकाने तो त्याला त्याच्याच हाताने सोडायला लावला. तेव्हापासून न्हावी गाल फुगवून बसला होता. मामांचा मासा मोजायची वेळ आली की बघू साहेबांची हिंमत, असं तो शेजारच्याला म्हणाला होता, निरीक्षकाला ऐकू जाईल अशा बेताने.

सासऱ्यांना सगळा काठ मामा म्हणायचा, आणि मामांचा मासा आजवर कोणी मोजलाच नव्हता. उलट लोकच आपले मासे त्यांच्याकडे घेऊन यायचे. मामांची एक वीत आणि वर चार बोटं म्हणजे बरोबर तीस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी वीत लावून मान हलवली की विषय संपला. मग उठून फळीपर्यंत कोण जातंय.

"मोजा, जावईबापू," आज मामाच म्हणाले. "उगाच कोणाला बोलायला जागा नको."

त्यांना खात्री होती, आणि घाईही होती. सासूबाई आजारातून उठल्या खऱ्या, पण आठ दिवस ताट पुढे आलं की तोंड फिरवत होत्या. आज सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, मासा असेल तर दोन घास खाईन. तेवढं ऐकलं आणि मामा चहासुद्धा न घेता गळाची काठी उचलून निघाले. हे सगळं निरीक्षकाला बायकोने फोनवर सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं की बाबांना आज रिकाम्या हाताने पाठवू नकोस.

निरीक्षकाने हात ओले केले, मासा आडवा ठेवला, तोंड फळीच्या टोकाला टेकवलं. शेपटी पट्टीच्या दीड सेंटिमीटर अलीकडे थांबली. गळ घशात खोल रुतला होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होतं. सोडला तरी हा जगायचा नाही, हे कोणीही सांगितलं असतं. निरीक्षकाने अंगठा शेपटीवर ठेवला, पट्टी झाकली जाईल असा.

"भरतोय," तो म्हणाला.

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "अंगठा काढा बघू. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मला लग्नातच कळलं होतं."

अंगठा निघाला. मामा फळीकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी माशाच्या कडेला आपली वीत लावली, अंगठा टोकाला आणि करंगळी जाईल तिथवर. पुढे दुसऱ्या हाताची चार बोटं. पट्टी अजून पलीकडेच होती. त्यांनी बोटं पुन्हा ताणली. सांधे सुजलेले होते, करंगळी आत वळली होती, ती काही केल्या सरळ होईना.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं, जणू जावयाला ते माहीत असणार.

गेल्या दोन-तीन हंगामांत याच वितीने पास झालेले मासे सगळ्यांच्याच टोपल्यांत गेले होते, न्हाव्याच्या सुद्धा. तोच न्हावी आता उठून जवळ आला. मरणारच आहे तो, घेऊन जा मामा, पाण्यात सोडून नुसता वाया जाईल, असं तो अगदी मनापासून म्हणाला.

"सकाळी तुझा सोडला ना," मामा म्हणाले. "मग."

त्यांनी दोरा माशाच्या तोंडाजवळ कापला आणि मासा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी त्याला सरळ धरून ठेवलं. हात सैल केला की तो कलंडायचा, पांढरं पोट दिसायचं. मामा पुन्हा धरायचे. बऱ्याच वेळाने तो त्यांच्या हातांतून निसटून खाली गढूळ पाण्यात गेला. जगायला गेला की मरायला, ते काही दिसलं नाही.

निरीक्षक फळी धूत बसला. खोटं बोलल्याची त्याला लाज वाटत होती, आणि तेही धड जमलं नाही याचीही.

मामा भिजल्या पायांनी सामान आवरत होते, तेवढ्यात न्हाव्याची काठी वाकली. चांगला दणकट मासा निघाला. तो घेऊन न्हावी फळीकडे न जाता तडक मामांसमोर येऊन उभा राहिला.

"मामींना न्या हा," तो म्हणाला. "लांबूनच दिसतंय भरतोय ते. पण तुम्ही एकदा वीत लावा. तुम्ही लावल्याशिवाय मला चैन पडायची नाही."

मामांचा उजवा हात सवयीने पुढे आला, बोटं पसरली. क्षणभर तो तसाच माशावर राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घातला.

"फळीवर ठेव," ते म्हणाले.